स्केच फार हळू होतं. डिजिटल चित्र काढायची तुमची स्वतःची पद्धत कशी सापडली?

तिरपी रेघ

नमस्कार मंडळी. या विभागात बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. पुढे नोकरी, घर, मुलं यांत चित्रकला मागे पडली. आता मुलं मोठी झाली, म्हणून बिनपडद्याचा एक लहान पेन टॅब्लेट घेतला, लॅपटॉपवर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. मला माणसं काढायची आहेत. महात्मा फुले मंडईत पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या बायका, बसथांब्यावर ताटकळलेले लोक, दुकानाच्या पायरीवर टेकलेले आजोबा. कधी जागेवर वहीत काढते, बहुतेक वेळा मोबाइलवर फोटो घेऊन घरी.

अडचण अशी की माझा वेग फारच कमी आहे. बसलेल्या एका बाईचं नुसतं रेखाटन, रंग नाही, छटा नाहीत, तरी अख्खी संध्याकाळ जाते. वहीत तेच तासाभरात होतं. टॅब्लेटवर एक रेघ काढते, मागे घेते, पुन्हा काढते, झूम करते, पुन्हा मागे घेते. शेवटी चित्र बिनचूक होतं, पण बाई दगडी होते. वहीतली बाई वाकडी असली तरी ती आत्ता हात पुढे करून गिऱ्हाइकाला मेथीची जुडी देईल असं वाटतं.

यूट्यूबवरच्या पद्धती जशाच्या तशा करून पाहिल्या. आधी गोळे आणि नळकांडी, मग सांगाडा, मग रेघ. माझ्या हाताला त्या बसत नाहीत. म्हणून विचारते: वेग खरंच येतो का, की तो ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतो? आणि तुमची पद्धत तुम्हाला कशी सापडली? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ हे विचारत नाहीये, त्यावरून कृपया जुंपू नये.

चहाबाज

रुमाल टाकून जागा धरली आहे. शेवटचं वाक्य लिहिलंत ना, आता सॉफ्टवेअरवरूनच जुंपणार बघा.

०१०१

सॉफ्टवेअरबद्दल बोलत नाही, यंत्राबद्दल बोलतो. हाताला दोष देण्याआधी या गोष्टी तपासा.

विंडोज असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये 'पेन अँड टच' उघडा आणि 'प्रेस अँड होल्ड' बंद करा. ते चालू असलं की पेन टेकवून जरा थांबलं तरी विंडोजला वाटतं तुम्हाला राइट क्लिक हवं आहे. टोकाशी एक गोल उमटतो आणि रेघ क्षणभर अडकते. प्रत्येक रेघेची सुरुवात अशी अडली तर हात आपोआप दबकत चालतो.

दुसरं, टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. लॅपटॉपचा पडदा बहुधा १६:९ असतो, बरेच टॅब्लेट १६:१०. मध्ये तफावत राहिली की हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर चपटं दिसतं, आणि तुम्ही नकळत प्रत्येक आकार दुरुस्त करत बसता.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लहान टॅब्लेटची चालती जागा साधारण १५ सेंटिमीटर रुंद असते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा जवळजवळ ३४.५ सेंटिमीटर. म्हणजे हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटिमीटर जाते. हाताची बारीकशी चूकही तेवढीच मोठी होऊन समोर येते. ड्रायव्हरमध्ये टॅब्लेट पडद्याच्या एका भागापुरता जोडता येतो. पडद्याचा अर्धा-पाऊण भाग निवडा आणि त्यातच कॅनव्हास ठेवा. हाताची चाल कागदाच्या जवळ जाईल.

तिरपी रेघ

०१०१, तो गोल उमटतो! मला वाटायचं तो क्रिताचाच भाग आहे. आज रात्रीच बंद करते. कॅनव्हास मी ए४, ३०० डीपीआय घेते, ते ठीक आहे ना?

०१०१

ते २४८० बाय ३५०८ पिक्सेल झालं. छापायचं असेल तर हवंच. नुसत्या स्केचला लांब बाजू दोन हजारच्या आत ठेवा. लॅपटॉप जुना असेल तर मोठ्या कॅनव्हासवर रुंद ब्रश मागे रेंगाळतो. शिवाय पिक्सेल जास्त असले की माणूस झूम करून पापण्या काढायला जातो.

शाईची दौत

ताई, यंत्राचं ०१०१ यांनी छान सांगितलं, पण मला वाटतं तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आधी हे बघा की हळू नक्की काय आहे. हात हळू चालतो, की रेघ कुठे टाकायची हे ठरायला वेळ लागतो? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांवरचे इलाजही वेगळे.

मी जे. जे.त उपयोजित कलेला होतो. क्रॉफर्ड मार्केट आणि व्हीटी स्टेशन दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे स्केचिंगला तिथेच पिटाळायचे. डोक्यावर टोपली घेतलेला हमाल चार पावलांत गर्दीत नाहीसा होतो. मग पकडायचं काय? तर वजन कुठल्या पायावर आहे, आणि मान कुठे कलली आहे. एवढं कागदावर आलं की बाकीचं पुढच्या हमालावरून भरायचं. एकाच रेखाटनात तीन हमालांचे हातपाय असायचे आणि मास्तरांना ते चालायचं, कारण टोपलीचं ओझं खरं दिसायचं.

तिथे हात कोणाचाच फार वेगात चालत नव्हता. काय सोडायचं हे झटकन ठरवायची सवय लागत होती. तुम्ही फोटोवरून काढता, आणि फोटो उठून जात नाही. काही सोडावंच लागत नाही, म्हणून तुम्ही सगळंच काढता.

एक करा. क्रितामध्ये ५.० पासून रेकॉर्डर आलेला आहे, तो चालू ठेवून एक चित्र करा आणि नंतर स्वतःचं काम बघा. वेळ कुठे गेला ते तुम्हाला स्वच्छ दिसेल. मग बोलू.

मिरचीचा ठेचा

दौतकाका, तीन हमालांचे हातपाय एका माणसाला! आमच्या ऑफिसात असा एक माणूस मिळाला तर बरं होईल.

सातारकर

माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. टॅब्लेट सहा महिने कपाटात ठेवा. वही आणि बॉलपेन घ्या. पेन्सिलही नको, कारण खोडरबर येतं. वाईला जा, मेणवलीच्या घाटावर जा, नाशिकला गोदाघाटावर बसा. बॉलपेनने काढलेली रेघ राहते म्हणजे राहते. चुकली तर तिच्याशेजारी दुसरी टाकायची आणि पुढे जायचं. डिजिटलमधलं 'मागे घ्या' हे बटण म्हणजेच मूळ दुखणं आहे. त्या बटणाने माणूस निर्णय घ्यायचं विसरतो.

हडसनकाठची

सातारकर, बटण दुखणं आहे हे मान्य, टॅब्लेट कपाटात ठेवा हे अमान्य. मला ऑफिसला जाताना ट्रेनमध्येच वेळ मिळतो आणि न्यू जर्सीच्या थंडीत हातमोजे काढून वही-शाई सांभाळणं जमत नाही. आयपॅड मांडीवर ठेवते, प्रोक्रिएट उघडते, समोर डुलक्या घेणारी माणसं असतातच.

मी 'मागे घ्या' वापरत नाही असा नियमच केला आहे. दोन बोटं टेकवली की रेघ मागे जाते, म्हणून डावा हात चक्क खिशात ठेवते. सुरुवातीला फार चुळबुळ व्हायची. आता चुकलेल्या रेघेवरूनच पुढची रेघ सुचते. सातारकरांच्या बॉलपेनचा फायदा मला काचेवर मिळतो.

डिजिटलला कमी लेखणाऱ्यांसाठी आणखी एक. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी २००९ च्या सुमारास आयफोनवर अंगठ्याने फुलं काढून मित्रांना पाठवायला लागला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. पहाटेचं चित्र काढायला दिवा लावावा लागत नाही, कारण पडदाच उजळलेला असतो, याचं त्याला अप्रूप होतं. बिछान्यातूनच सूर्योदय काढायचा. पुढे २०११ मध्ये यॉर्कशरमधल्या वोल्डगेटच्या रस्त्यावरचा वसंत त्याने आयपॅडवर काढला आणि ती चित्रं भिंतीएवढी छापून लावली. तो वापरायचा त्या ॲपमध्ये काढलेलं चित्र रेघेरेघेने पुन्हा बघता यायचं. दौतकाका सांगताहेत तेच, स्वतःला काढताना बघायचं.

फिरकी

एवढा खटाटोप कशाला? फोटो एआयला द्या, अर्ध्या मिनिटात स्केच. वेगाचा प्रश्न मिटला.

तिरपी रेघ

मंडईतल्या त्या मावशींकडे तासभर नीट बघायला मिळतं, त्यासाठी मी काढते. त्या नाण्यांची चळत गुडघ्याखाली दडपून ठेवतात आणि न बघता बरोबर सुट्टे काढतात. हे काढायला बसले नसते तर मला कधी दिसलंच नसतं. ते मशीनला देऊन मला काय मिळणार?

संपादक मंडळ

एआयवर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिकडे करावी. इथे चित्र काढण्याबद्दलच बोलू या.

निवृत्त मास्तर

मी पूर्वी हायस्कुलात चित्रकला शिकवत असे. एक-दोन ठिकाणी वाचलं की सॉफ्टवेअरमधलं रेघ स्थिर करणारं स्टॅबिलायझर म्हणजे लबाडी. त्याबद्दल लिहायचं आहे.

माझा उजवा हात थरथरतो. औषधं चालू आहेत, पण फळ्यावर एका दमात वर्तुळ काढणारा तो हात आता राहिला नाही. कागदावर माझी रेघ दातेरी होते. नातवाने क्रितामध्ये स्टॅबिलायझर लावून दिलं. रेघ पेनच्या थोडी मागून येते, पण सलग येते. त्या दिवशी मी घरच्या कुंडीतली तुळस काढली आणि मंजिरीपर्यंत काढली. ज्यांना गरज नाही त्यांनी वापरू नये, पण त्याला लबाडी म्हणू नये.

०१०१

मास्तर, शंभर टक्के सहमत. फक्त तिरपी रेघ यांच्यासाठी जोडतो: क्रितामध्ये ब्रशच्या पर्यायांत साधं, वेटेड आणि स्टॅबिलायझर असे प्रकार आहेत. शेवटचा सगळ्यात मागून येतो. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांना लगबगीच्या स्केचमध्ये तो अडवतो, कारण रेघ येण्याची वाट बघत हात मंदावतो. स्केच साध्यावर किंवा पूर्ण बंद ठेवून करा, शेवटच्या लांब रेघांना हवं तर वेटेड घ्या. प्रोक्रिएटमध्ये स्ट्रीमलाइन हे त्याच जातीचं.

शाईची दौत

मास्तर, ती तुळस इथे डकवा ना. बघायला फार आवडेल.

गोंयकार

वेगाच्या गडबडीत एक गोष्ट राहू नये. आमच्या लोटलीच्या मारिओ मिरांडांची चित्रं बघा. गर्दी, खिडकीच्या जाळीची एकेक पट्टी, कोपऱ्यातला कुत्रा, सगळं भरगच्च. हे काही दहा मिनिटांचं काम नव्हे. पण त्याच माणसाच्या १९४९ ते १९५१ च्या रोजनिश्या पुढे छापल्या गेल्या, त्या चाळा. रोजचं पान, रोजचं चित्र, गावातली माणसं, पाद्री, लग्नं, सगळं भराभर काढलेलं. रोजनिशीतला हात वेगळा, छापायच्या चित्रातला वेगळा. एकाच माणसाकडे दोन वेग असू शकतात. तिरपी रेघ, तुम्ही दोन्ही कामं एकाच फाइलमध्ये करायला बघताय असं मला वाटतं.

चहाबाज

गोंयकार, हे नेमकं बोललात. +१

तिरपी रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डर लावून एक चित्र केलं आणि बघितलं.

देहाची ठेवण पहिल्या काही मिनिटांतच येते, आणि ती बरी असते! नंतरचा सगळा वेळ चेहरा आणि बोटं यांत जातो, आणि तोही प्रचंड झूम करून. झूम केल्यावर एक रेघ अनेकदा मागे घेतली जाते. झूम कमी केल्यावर ती रेघ दिसतही नाही. शिवाय बाह्यरेषा मी डोक्यापासून सुरू करून सलग खाली आणते, त्यामुळे खांदा चुकला की पुढचं सगळं सरकतं आणि मी परत वर जाते.

तो गोल बंद केल्यावर मात्र पेन एकदम मोकळं झालं. ०१०१, तुम्हाला मंडईतली ताजी मेथी लागू.

गोळाबेरीज

धागा आधीपासून वाचतोय, आता राहवलं नाही. मी मूर्तिकामातला आहे, गणपतीच्या दिवसांत शाडूत हात असतात, बाकी वर्ष थोडं चित्रांचं काम करतो.

तिरपी रेघ, तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं तुम्ही माणूस आकाराने बघता आणि काढता मात्र रेघेने. शाळेच्या वस्तुचित्रात आपल्याला आधी बाह्यरेषा शिकवतात, म्हणून सगळ्यांना वाटतं चित्राची सुरुवात रेघेनेच होते. मला रेघ कधीच जमली नाही. मातीत रेघ नसतेच, आधी गोळा असतो आणि मग त्यातून कमी करायचं. डिजिटलमध्ये हे सहज करता येतं.

मी असं करतो. फ्रीहँड सिलेक्शन, म्हणजे लॅसो घ्यायचा. बसलेल्या बाईला एका दमात वेढा घालायचा, डोकं, खांदे, मांडी, पसरलेला पदर, सगळं एकाच वेढ्यात. आत एक मध्यम गडद रंग ओतायचा. झाली सावली. आता डोळे बारीक करून बघायचं. ती बसली आहे असं वाटतं का? वाटत नसेल तर पुसत बसायचं नाही, पुन्हा लॅसोने एक तुकडा जोडायचा किंवा कापून टाकायचा. काखेतून पलीकडचं दिसत असेल तर तेवढी फट कापा. ती फट बरोबर आली की हात आपोआप बरोबर येतो, हे करून बघा.

आकार बसला की त्या थराला, म्हणजे लेयरला, अल्फा लॉक लावायचं, म्हणजे रंग बाहेर जात नाही. मग रुंद ब्रशने ऊन पडलेला भाग उजळायचा. बहुतेकदा खांदा, डोक्यावरचा पदर आणि गुडघा. रेघ सगळ्यात शेवटी, नवीन थरावर, आणि जिथे आकार बोलत नाही तिथेच. नाकाची एक, हनुवटीखाली एक, पाटीची कड, बांगड्या. संपलं.

हे सगळं अख्खं चित्र पडद्यावर मावेल एवढ्याच झूमवर करायचं. चेहऱ्यालाही तोच नियम.

सातारकर

पण मग ही चित्रकला झाली की कात्रकाम?

गोळाबेरीज

कात्रकामच म्हणा हवं तर, सातारकर. मातीत तरी वेगळं काय करतो? तारेने कापतो आणि बोटाने चिकटवतो.

शाईची दौत

कात्रकामाला नावं ठेवू नका, छापखान्यात आमची उमर त्यात गेली.

गोळाबेरीज यांची पद्धत उत्तम आहे, फक्त ती एकच नाही. ज्यांना रेघेनेच विचार करता येतो त्यांच्यासाठी जुनी वाट सांगतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी तांबड्या रंगात आखणी केली, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने आकार पक्के केले. पहिली तांबडी रेघ ही शोधायची रेघ, वरची गडद रेघ ही ठरलेली. छापखान्यात आम्ही हलक्या निळ्या पेन्सिलीने आखायचो, कारण छपाईसाठी चित्राचा फोटो घेणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे. वर काळी शाई मारली की छापून फक्त काळं यायचं, निळं खोडायची गरज नाही.

टॅब्लेटवर तेच करा. खालचा थर विटकरी किंवा निळा, त्यात मनसोक्त चाचपडा, काही मागे घेऊ नका. मग त्याची अपारदर्शकता उतरवा आणि वर नवा थर घेऊन गडद रेघ एकदाच काढा. काळ्यावर काळं काढत राहिलं की शोध आणि निर्णय यांची सरमिसळ होते, तिथे वेळ जातो. आणि खालचा थर सरसकट लपवू नका. थोडा दिसू द्या. तुम्ही वहीत जो जीव म्हणताय तो या चाचपडणाऱ्या रेघांत असतो.

हडसनकाठची

दौतकाका, अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर, जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नकला केल्या होत्या ना?

शाईची दौत

हो, जे. जे.च्याच ग्रिफिथ्स साहेबांच्या देखरेखीखाली. १८७२ ला काम सुरू झालं, १८८५ पर्यंत चाललं. विद्यार्थी लेण्यांत राबून नकला करत. त्यांतल्या कितीतरी नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत गेल्या. त्याआधी मेजर गिल यांनी केलेल्या नकलाही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या होत्या. मला हे आठवलं की अजूनही जिवाला लागतं. वर्षानुवर्षं त्या पोरांनी अंधारात बसून बघितलेलं सगळं होतं त्यात. तुमच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवत चला बायांनो.

मिनी माऊ

मी फोटो खालच्या थरावर ठेवून सरळ गिरवते. वेळेचा प्रश्नच येत नाही. यात काही वाईट आहे का?

निवृत्त मास्तर

गिरवण्यात पाप नाही, बाळ. फक्त एक लक्षात घे. मोबाइलचा कॅमेरा रुंद बघतो. बसलेल्या माणसाचा फोटो जवळून घेतला की पुढे आलेले गुडघे आणि पावलं फुगतात, डोकं लहान होतं. डोळ्याला माणूस असा दिसत नाही. गिरवलंस तर ती विकृती चित्रात उतरते आणि कुठे बिघडलं ते कळत नाही. चार पावलं मागे जा आणि मग झूम करून फोटो घे, बराच फरक पडेल.

स्मरणचित्राचा सरावही कर. ग्रेड परीक्षेत तो विषय असतो तो उगीच नाही. फोटो दोन मिनिटं बघायचा, खिडकी बंद करायची आणि आठवणीतून काढायचं. जे आठवतं तेवढंच महत्त्वाचं होतं. नंतर फोटो उघडून ताडून बघायचं.

मिनी माऊ

मास्तर, गुडघ्यांचं आत्ता जुने फोटो काढून बघितलं. खरंच की! धन्यवाद.

तिरपी रेघ

मधे कामाच्या गडबडीत यायला जमलं नाही, पण चित्रं चालू होती. आता काय बसलं ते सांगते.

गोळाबेरीज यांचा लॅसो माझ्या हाताला पहिल्याच दिवशी बसला. मी वेढा घालते तेव्हा डोक्यापासून सुरुवातच करत नाही, जमिनीला टेकलेल्या भागापासून करते. मांडी आणि पाटी आधी. बाई बसलेली आहे हे तिथेच ठरतं. काखेच्या फटीचं तर चमत्कारासारखं आहे. मग आकारावर दौतकाकांचा विटकरी थर घेते, त्यात चेहरा आणि हात चाचपडते, आणि त्यातल्या मोजक्याच रेघा गडद करते. सांगाडा आणि नळकांडी मी सोडून दिली, त्यांचा मला उपयोग नव्हता.

टॅब्लेट पडद्याच्या पाऊण भागाला जोडला आहे. झूम करायचं बटण पेनवरून काढून टाकलं.

वेग वाढला का? आकाराचा वाढला, बराच. चेहरा मात्र अजूनही सावकाशच होतो, आणि गोंयकार म्हणाले तसं मी आता दोन फाइली करते. एक लहान, भराभर, रोजची. दुसरी मोठी, तिला घड्याळ नाही. मंडईतल्या मावशींचा चेहरा त्या दुसऱ्या फाइलमध्ये आहे. त्यांच्या कपाळावरचं गोंदण आणि त्याच्या कडेने पडलेल्या आठ्या यांत मला घाई करायची नाही. सातारकर, लहान फाइलला 'मागे घ्या' बंद आहे, तुमच्या बॉलपेनला मान दिला आहे.

सातारकर

चित्र बघितलं. मांडीवर ठेवलेला हात फार चांगला उतरला आहे. कात्रकाम म्हणालो ते मागे घेतो. पण मेणवलीला या एकदा, वही घेऊन.

गोळाबेरीज

पाटीच्या खाली जमिनीची सावली टाका, एकच पट्टा. पाटी जराशी तरंगते आहे. बाकी बाई बसली, शंका नाही.

रानफूल

नवीन सदस्य. माझ्याकडे टॅब्लेट नाही, लॅपटॉपही नाही. फोनवर आयबिस पेंटमध्ये बोटाने काढतो, कॉलेजला आहे. रेघ बोटाखाली दिसतच नाही, त्यामुळे सगळं वाकडं येतं. हे लॅसोचं फोनवर जमेल का?

गोळाबेरीज

जमेल, आणि बोटाने रेघेपेक्षा लॅसो सोपा जाईल. वेढ्याला बारीक टोक लागत नाही. लॅसोने निवड कर, बकेटने रंग ओत, मग तोच आकार जोडत-कापत जा. बोटाच्या आड जागा दिसत नसेल तर फोन आडवा धर आणि वेढा खालून वर घाल, म्हणजे बोट आकाराच्या बाहेरच्या बाजूला राहतं.

०१०१

रानफूल, फोनवर चालणारे साधे रबरी टोकाचे पेन स्वस्तात मिळतात. जाड टोकाचा घेऊ नकोस. पारदर्शक चकतीचा घे, चकतीतून खालची रेघ दिसते. दाब कळत नाही, पण लॅसोला दाब लागतच नाही. आणि आयबिसमध्ये कामाचा व्हिडिओ आपोआप साठवता येतो, तो बघत जा.

तिरपी रेघ

रानफूल, पहिलं चित्र झालं की इथेच टाक. कसंही असलं तरी टाक, आणि कोणाचं काढलंस तेही लिही.